वरातीमागून आलेले पालक

न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे ऑटिझमसारखी मेंदूची वेगळी जडणघडण असलेल्या, मुलांसाठीच्या सेवा सुधारताना घरच्यांना किती विचारायचं, या वादात दोन वाक्यं ठरलेली असतात. पालकांच्या बाजूचं वाक्य, ‘आईपेक्षा मुलाला जास्त कोण ओळखणार?’ आणि तज्ज्ञांच्या बाजूचं, ‘माया म्हणजे ज्ञान नव्हे.’ दोन्ही वाक्यांना टाळ्या पडतात आणि वाद जागच्या जागी फिरत राहतो. कारण प्रश्न ‘जास्त कुणाला कळतं’ हा आहे, असं दोन्ही बाजूंनी धरून चाललेलं असतं. जणू मुलाच्या नावाने एक परीक्षा आहे आणि जो पहिला येईल त्याच्या हाती सूत्रं द्यायची आहेत. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. कुटुंबाला मूल नेहमी जास्त कळतं असं नाही. कधी कळतं, कधी अजिबात कळत नाही. तरीही सेवेच्या आखणीत त्याला बसवायला हवं, कारण ही सेवा कुठे फाटली आहे ते दिसतं फक्त घरातून. आणि बसवायचं याचा अर्थ घरी करायच्या व्यायामांचा कागद हातात देणं असा मी घेत नाही. वेळ, पैसा आणि नियम ठरवताना वाटा देणं, हा त्याचा अर्थ.

फाटली म्हणजे काय? एका मुलाचा आठवडा डोळ्यांसमोर आणा. सहा-सात वर्षांचा, ऑटिझम असलेला, मोजकंच बोलणारा मुलगा. स्पीच थेरपिस्ट सांगते, तो शब्द उच्चारेपर्यंत वस्तू हातात देऊ नका. रोजची कामं जमवायला मदत करणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट सांगते, संध्याकाळी तो दिवसभराच्या आवाजांनी थकलेला असतो, तेव्हा त्याच्याकडे कसलीही मागणी करू नका. वर्गशिक्षिकेला गृहपाठ पूर्ण हवा असतो. डॉक्टर म्हणतात, नऊच्या आत झोपवा. यातला एकही सल्ला मूर्खपणाचा नाही. पण हे चारही सल्ले एकाच संध्याकाळी, एकाच खोलीत, एकाच दमलेल्या माणसाच्या पदरात पडतात आणि तिथे एकमेकांना छेद देतात. चारही फायलींत ‘पालकांना मार्गदर्शन केले’ अशी नोंद असते. दुसऱ्याने काय सांगितलं हे चौघांपैकी कुणालाच ठाऊक नसतं, आणि ते ठाऊक करून घेणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. कापड कितीही उंची असो, ते उसवतं शिवणीवर, आणि कुठे काचतंय हे घालणाऱ्यालाच कळतं. घालणाऱ्याला शिवणकाम येतं असा दावा इथे कुणी करत नाहीये.

ऑटिझमच्या अभ्यासाची सुरुवातच मुळी एका बापाच्या कागदांपासून झाली, हे आज फारसं आठवलं जात नाही. १९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका वकिलाने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना आपल्या मुलाविषयी ३३ पानांचं टंकलिखित पत्र पाठवलं. मूल एकटं असलं की सगळ्यांत खूश असतं, वस्तू गरागरा फिरवत बसतं, अशा बारीकसारीक नोंदी त्यात होत्या. १९४३ मध्ये कॅनर यांनी अकरा मुलांवरचा तो प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यातला पहिला मुलगा, ‘डोनाल्ड टी.’, हाच. म्हणजे ज्या वर्णनावर पुढची सगळी इमारत उभी राहिली, त्याचा पाया एका घरातून आलेल्या टिपणांचा होता. पुढे काय झालं? १९४९ च्या लेखात त्याच कॅनर यांनी, ही मुलं जणू कधीच बर्फ न वितळणाऱ्या रेफ्रिजरेटरमध्ये ठेवली गेली, अशी उपमा वापरली. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकातून ‘थंड आई’ हीच मुलाच्या अवस्थेचं मूळ, हे मत घराघरांत पोचवलं. मुलाला आईबापांपासून दूर ठेवणं हा उपचार ठरला. पत्र वाचून घेतलं आणि पत्र लिहिणाऱ्यांच्या अख्ख्या जमातीला आरोपी केलं. या खटल्याचा निकाल फिरवायला तज्ज्ञांची अंतर्गत शहाणीव पुरली नाही. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ, पण ऑटिझम असलेल्या मुलाचे वडीलही. त्यांनी १९६४ मध्ये या अवस्थेचं मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, असं पुराव्यांसह मांडलं, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत पालकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९६९ मध्ये कॅनर त्याच संघटनेच्या सभेत उभे राहिले आणि त्यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. शब्द त्यांनी न्यायालयाचाच वापरला. आरोप नेमका कुणी ठेवला होता, हे तिथे बसलेल्या आयांना वेगळं सांगावं लागलं नसेल.

या इतिहासातून ‘पालक नेहमी बरोबर असतात’ असा निष्कर्ष काढणारे माझे मित्र घाई करतात. मला त्यातून दुसरंच दिसतं. माहिती घ्यायची आणि माहिती देणाऱ्याची खुर्ची काढून घ्यायची, ही व्यवस्थेची जुनी खोड आहे, आणि त्या खोडीची किंमत दोन दशकं मुलांनी मोजली.

उलट उदाहरणही आहे. नॉर्वेतल्या बॉर्ग्नी एगेलंड या आईची दोन मुलं बौद्धिक वाढीत खूप मागे होती आणि त्यांच्या अंगाला एक कुबट वास यायचा. तो वास कशाचा, हे विचारत ती डॉक्टरांमागून डॉक्टर फिरली. बहुतेकांना तो प्रश्न बिनमहत्त्वाचा वाटला. १९३४ मध्ये आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी मात्र लघवीचे नमुने मागवले, तपासणीत अनपेक्षित हिरवा रंग पाहिला, आणि फेनिलकीटोन्यूरिया या आनुवंशिक विकाराचा शोध लागला. आज वेळेत निदान झालं तर नियंत्रित आहाराने त्या मुलांच्या मेंदूची हानी टाळता येते. नवजात बाळाच्या रक्ताच्या थेंबावरून ते ओळखायची चाचणी रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. तेही बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे वडील होते. एगेलंड बाईंनी निदान केलं नव्हतं. रसायनशास्त्र त्यांना येत नव्हतं, यायची गरजही नव्हती. ‘वास येतोय’ एवढंच त्या म्हणत राहिल्या, आणि ते ऐकायची तयारी असलेला एक रसायनशास्त्र जाणणारा डॉक्टर त्यांना भेटला. दोघांपैकी एकटं कुणीच पुरेसं नव्हतं.

आता आजच्या ‘सहभागा’कडे या. हा शब्द हल्ली प्रत्येक धोरणात, प्रत्येक प्रकल्प-अहवालात असतो. काही वर्षं अशाच एका सल्लागार समितीच्या बैठकांचं इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. एका बैठकीत एक आई वीस मिनिटं बोलली. केंद्रात नाव पुकारायला लाउडस्पीकर आहे. तो खरखरला की तिचा मुलगा कान दाबून जमिनीवर बसतो. पाऊण तासाच्या सत्रातली पहिली पंधरा मिनिटं त्याला सावरण्यात जातात, आणि तिमाही अहवालात शेरा येतो, ‘सहकार्य कमी’. तिने तो अहवाल बरोबर आणला होता. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘पालक प्रतिनिधींनी आपली मते मांडली.’ तसंच लिहायची पद्धत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानंतरचा विषय होता ‘पालकांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण’. तो एकमताने मंजूर झाला.

शेरी आर्नस्टाइन या अमेरिकी धोरण-अभ्यासकाने १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. सगळ्यांत वर सत्ता, मध्ये नुसती माहिती देणं, सल्ला घेणं, मन राखणं. तळाच्या दोन पायऱ्यांना त्यांनी सहभाग म्हणायलाच नकार दिला. सर्वांत खालची पायरी म्हणजे लोकांना हाताळणं, आणि तिच्या लगतची दुसरी म्हणजे, त्यांचाच शब्द, ‘थेरपी’. सहभागाच्या नावाने लोकांना बोलवायचं आणि दोष त्यांच्यातच आहे असं समजून त्यांनाच सुधारायला घ्यायचं. त्यांच्या डोळ्यांसमोर शहरांचे विकास-प्रकल्प होते. पण न्यूरोडायव्हर्जंट मुलांच्या सेवांमध्ये ‘पालक सहभाग’ म्हणून जे चालतं, त्यातला किती भाग या दुसऱ्या पायरीवर अडकलेला आहे? आई सहभागी होते म्हणजे काय करते? तक्ता भरते, व्यायाम घेते, व्हिडिओ काढून पाठवते, कार्यशाळेला येते. पालक-प्रशिक्षण निरुपयोगी असतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. चांगलं प्रशिक्षण घरातला ताण खरोखर कमी करतं. माझी तक्रार नावाबद्दल आहे. सेवेचं काम घरच्यांकडे सरकवणं आणि सेवेचा अधिकार त्यांच्याशी वाटून घेणं या दोन गोष्टींना एकच शब्द वापरला, की पहिलीच होते आणि दुसरी झाल्यासारखी वाटते.

कायद्याने खुर्ची दिली की प्रश्न मिटतो का? अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा बंधनकारक केला आणि तो ठरवणाऱ्या बैठकीत पालकांना स्थान दिलं. त्याआधी लाखो मुलं शाळेच्या दारातूनच परत पाठवली जात, तेव्हा या तरतुदीला कमी लेखायचं कारण नाही. पण खुर्ची मिळाली म्हणजे बोलण्याने काही बदलेलच असं नसतं. २००४ मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाला हे लिहून द्यावं लागलं की शाळेने आधीच मन बनवून बैठकीला येणं म्हणजे पालकांचा सहभाग नाकारणंच आहे; मग ते बैठकीत हजर होते की नव्हते, याने फरक पडत नाही. आराखडा छापून तयार, फक्त सहीची जागा रिकामी. याला मराठीत वरातीमागून घोडं म्हणतात.

इथवर वाचून तज्ज्ञांच्या बाजूचे वाचक अस्वस्थ झाले असतील, आणि त्यांचे आक्षेप हलके नाहीत. पहिला आक्षेप असा की हवालदिल माणूस कशावरही विश्वास ठेवतो. १९९८ मध्ये गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा निबंध आला. अवघ्या बारा मुलांवरचा. त्याच्या मागे पालकांचे गटच्या गट गेले, आणि अनेक ठिकाणी लसीकरण घसरलं. आज बाजारात ऑटिझम ‘बरा’ करण्याचे जितके धंदे आहेत, त्यांचे गिऱ्हाईक पालकच आहेत. मान्य. पण तो निबंध पालकांच्या गप्पांतून निघाला नव्हता. तो डॉक्टरांनी लिहिला, एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकाने छापला, आणि मागे घ्यायला २०१० साल उजाडलं. आणि माणूस भोंदूकडे जातो कधी? बहुधा निदान झाल्यावर ‘आता प्रतीक्षा यादीत नाव घातलंय’ असं सांगून त्याला कित्येक महिने एकटं सोडलं जातं, तेव्हा. त्या महिन्यांत फोन उचलायला सेवेकडून कुणी नसतं, भोंदूकडून असतं. ही पोकळी कुठल्याही फायलीत दिसत नाही, कारण फाईल उघडते पहिल्या सत्राला. म्हणजे ज्या मोकळ्या जागेत अंधश्रद्धा शिरते, ती जागा दाखवू शकणारा माणूस नेमका तोच, ज्याला आपण अंधश्रद्धेच्या भीतीने बाहेर ठेवतो.

दुसरा आक्षेप मला रात्री जागवणारा आहे. मुलाचं हित आणि पालकांचं हित एक नसतं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका निवासी संस्थेत ऑटिझम आणि इतर अक्षमता असलेल्यांना वागणूक ‘सुधारण्यासाठी’ अंगाला बांधलेल्या यंत्रातून विजेचे झटके दिले जात. २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या यंत्रांवर बंदी घातली. पुढच्या वर्षी न्यायालयाने ती रद्द ठरवली. बंदीविरुद्ध लढणाऱ्यांत त्या मुलांचे पालक होते. स्वतःचे आईबाप. मग ‘कुटुंबाला विचारा’ हे मी कोणत्या तोंडाने म्हणतो? याच्याही आधी, १९९३ मध्ये, जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक व्यक्तीने पालकांच्या परिषदेत एक भाषण केलं. त्याचा रोख असा होता की तुम्ही ज्याचा शोक करताय ते तुमच्या मनातलं, कधी जन्मालाच न आलेलं मूल. समोर जे आहे त्याला तुमच्या शोकाचं ओझं देऊ नका. या बोलण्याला पालकांच्या प्रेमाने उत्तर देता येत नाही, आणि मी द्यायचा प्रयत्नही करत नाही. कुटुंब हे मुलाच्या जागी बसण्याचं परवानापत्र नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातही सल्लामसलत करायची आहे ती स्वतः अपंगत्व असलेल्या व्यक्तींशी, मुलांशीसुद्धा, त्यांच्या संघटनांमार्फत.

पण म्हणून पालकांना बाहेर काढलं तर त्या खुर्चीवर मूल येऊन बसतं का? माझ्या पाहण्यात तरी तिथे प्रशासक बसतो. झटक्यांच्या त्या प्रकरणात पालक जे सांगत होते, ते नीट ऐका: बाकीच्या संस्थांनी आमच्या मुलाला काढून टाकलं, औषधांनी गुंगवून ठेवलं, घेणारी जागा ही एकच उरली. यंत्र त्यांनी बनवलं नव्हतं. ते व्यावसायिकांनी बनवलं आणि व्यावसायिकांनी वापरलं. आईबापांपुढे दोनच दारं होती. तिसरं दार बांधताना त्यांना कुणी विचारलं होतं? ज्यांना आखणीत कधीच स्थान नव्हतं, त्यांच्या अगतिक निवडीवरून त्यांची लायकी ठरवणं मला न्यायाचं वाटत नाही. मुलाच्या हिताचं रक्षण करायचं, तर टेबलाभोवती माणसं वाढवावी लागतील: पालक हवेत, आणि पालकांना ‘हे चुकतंय’ म्हणू शकणारे मोठे झालेले न्यूरोडायव्हर्जंट लोकही हवेत. हे दोन गट आपण समजतो तितके वेगळेही नाहीत. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण, अतिचंचलता), डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) यांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. मुलाच्या निदानानंतर आपल्या शाळकरी वयाचं कोडं सुटलेले कितीतरी बाप आहेत. अशा बापाच्या हाती आपण काय देतो? बारा पानांचा, बारीक अक्षरातला, ‘सविस्तर लिहा’ म्हणणारा अर्ज. तो कोरा परत आला की शेरा, ‘पालक उदासीन’.

तिसरा आक्षेप: समितीवर येतात ते शिकलेले, बोलके, दुपारी तीनला मोकळे असणारे पालकच, त्यांच्या गरजा म्हणजे सगळ्यांच्या गरजा नव्हेत. शंभर टक्के खरं. मात्र हा युक्तिवाद सहभागाच्या विरुद्ध जातो की दुपारी तीनच्या विरुद्ध? तज्ज्ञाला बैठकीचा वेळ पगारात मिळतो, पालकाचा तेवढ्याच वेळाचा रोज बुडतो, आणि मुलाला कुणाजवळ ठेवायचं हा प्रश्न वेगळाच. मानधन द्या, बैठक संध्याकाळी घ्या, मुलं सांभाळायला माणूस ठेवा, एका पालकाऐवजी चार पालक घ्या म्हणजे एकाला ‘सर्वांचं’ बोलावं लागणार नाही. जे येतच नाहीत त्यांच्या घरी जा. तीन वेळा न आल्याने ज्यांचं नाव यादीतून कमी केलं, त्या कुटुंबांना ‘का आला नाहीत’ एवढंच विचारत एक महिना घालवला, तर सेवेबद्दल जे कळेल ते दहा समाधान-सर्वेक्षणांतून कळणार नाही. समाधान-सर्वेक्षणं भरतात ते टिकून राहिलेले लोक.

तज्ज्ञांकडे वेळ नाही, हा चौथा आक्षेप मी लवकर संपवतो. नाहीच. एकेका थेरपिस्टवर किती मुलांचा भार असतो हे मी पाहिलंय. पण तो वेळ जातो कुठे, हेही त्या घरांना विचारून बघा. एकच जन्मकथा पाच विभागांत पाचदा लिहून देणारी आई त्या वेळेचा हिशेब नेमका सांगू शकते.

सगळ्यांत मोठा फरक पडेल तो यशाच्या मोजमापात. सेवा काय मोजते? नजरेला नजर किती सेकंद, खुर्चीवर किती मिनिटं, किती शब्द. हे मोजायला सोपं असतं म्हणून मोजलं जातं. घरी विचारलं तर उत्तरं वेगळी येतात: रात्री सलग झोप लागावी. दुखतंय हे कुठल्याही मार्गाने सांगता यावं, बोलून नाही तर चित्रावर बोट ठेवून. दाताच्या डॉक्टरकडे जाता यावं. धाकट्या बहिणीला घरात भीती वाटू नये. आणि मुलालाच विचारलं तर कदाचित, ‘मधल्या सुट्टीत मला एकटं बसू द्या.’ संशोधनातही हीच दरी दिसते. २०१३ मध्ये ब्रिटनमधल्या ऑटिझम-संशोधनाच्या खर्चाची पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक पैसा जीवशास्त्र, मेंदू आणि आकलनावर जात असल्याचं दिसलं, आणि सेवांवर अगदी किरकोळ. ऑटिस्टिक व्यक्ती आणि कुटुंबं मात्र रोजच्या जगण्याशी जोडलेलं संशोधन मागत होती. मूलभूत संशोधन थांबवा असं कुणी म्हणत नव्हतं. पण कशाला यश म्हणायचं, हे ज्यांच्या आयुष्यात ते यश यायचं आहे त्यांना न विचारता ठरवलं, तर आकडे सुधारत राहतात आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही.

इतिवृत्ताला एक रकाना जोडावा, एवढी माझी मागणी आहे. कुणी काय सुचवलं, त्याचं काय केलं, आणि केलं नसेल तर का, हे पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं. ‘शक्य नाही’ हे उत्तरही चालेल, फक्त त्याखाली नाव आणि कारण हवं. फार क्रांतिकारक काही नाही. मी ते काम सोडलं तेव्हा केंद्रातला लाउडस्पीकर जागेवरच होता. कुठल्याच इतिवृत्तात त्याचा उल्लेख नव्हता, त्यामुळे तो काढायचा की नाही यावर कधी मतदानही झालं नाही.